गुडघ्याची झीज आणि गुडघ्यातली आग

एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला की गावाकडच्या पेशंटला बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळतं: "गादी झिजली, वंगण संपलं, आता असंच चालायचं." ते ऐकून बाई घरी येते, मेडिकलमधून चार गोळ्या घेते आणि दुसऱ्या दिवशी निंदणाला जाते. झिजलेली गादी परत भरत नाही, हे खरं आहे. पण त्यावरून दुखणंही कमी होणार नाही असं जे धरलं जातं, ते चूक आहे. हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत थर असतो, त्याला कूर्चा म्हणतात. या कूर्चेत मज्जातंतूच नसतात. ती झिजली तरी तिला स्वतःला दुखत नाही.

दुखतं ते तिच्या शेजाऱ्यांना. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं, वंगण तेच तयार करतं. त्या अस्तरात मज्जातंतू भरपूर आहेत. कूर्चेखालच्या हाडात आहेत, सांध्याच्या पिशवीत आहेत, गुडघ्याच्या वाटीखालच्या चरबीच्या गोळ्यातही आहेत. म्हणून तर दोघींचे एक्स-रे सारखे असतात, पण एक शेगावला पायी जाऊन येते आणि दुसरीला घराचा ओटा चढवत नाही. झीज दोघींची सारखी, आतली सूज मात्र वेगळी.

ही सूज तयार कशी होते? कूर्चेचे बारीक तुकडे वंगणात तरंगू लागतात. अस्तरातल्या सफाई करणाऱ्या पेशींना वाटतं, इथे जखम झाली. त्या इंटरल्युकिन-१, टीएनएफ, प्रोस्टाग्लँडिन अशी रसायनं सोडतात. त्यामुळे अस्तर जाड होतं, पाणी धरतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्यासोबत नवे मज्जातंतू घुसतात. आधी न दुखणारा दाबही मग दुखायला लागतो. हीच रसायनं कूर्चेतल्या पेशींना एमएमपी-१३ नावाचं विकर (एन्झाइम) तयार करायला लावतात आणि ते विकर कूर्चाच कातरतं. तुकडे वाढले की सूज वाढते, सूज वाढली की तुकडे वाढतात. या दाहाला आपण इथे आग म्हणू, कारण गुडघेदुखीवाली बाई स्वतःच म्हणते, "गुडघ्यात आग पडली."

नवं संशोधन या आगीच्या मागे लागलं आहे. झीज भरून काढणारं औषध अजून कुठेही नाही. आग कमी करायचे उपाय मात्र आहेत, आणि त्यातले सगळ्यात भरवशाचे नागपूर-मुंबईला न जाताही करता येतात.

आधी गुडघा नीट पाहा

बाजेवर पाय लांब करून बसा, दोन्ही गुडघे उघडे ठेवा. वाटीच्या दोन्ही बाजूंना एकेक खळगा दिसतो. एका गुडघ्याचा खळगा भरून आला असेल तर आत पाणी आहे. खात्री करायची तर एका हाताचा पंजा मांडीवर, वाटीच्या चार बोटं वर ठेवून पाणी खाली ढकला आणि तो हात तसाच दाबून ठेवा. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी वाटी झटक्यात खाली दाबा. आत पाणी जास्त असेल तर वाटी तरंगत असते, दाबल्यावर खालच्या हाडाला टक् लागून परत वर येते. आता हाताची मागची बाजू आधी मांडीवर आणि मग वाटीवर लावा. एरवी वाटी मांडीपेक्षा थंड लागते. ती कोमट लागली तर आग चालू आहे.

पंचेचाळिशीच्या पुढचं वय, चालल्यावर-चढल्यावर वाढणारं दुखणं आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत सुटणं, एवढं जुळलं तर ही झिजेचीच गुडघेदुखी आहे असं समजायला बहुतेक वेळा एक्स-रेचीही गरज नसते. पण सकाळी तासभर आखडलेपण राहत असेल, दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजत असतील, तर तो आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असू शकतो. त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत आणि उशीर केला तर सांधे वाकडे होतात. एकच सांधा अचानक लाल-गरम होऊन सोबत ताप आला तर सांध्यात पू असू शकतो, त्याच दिवशी दवाखान्यात जा. पायाचा अंगठा मध्यरात्री ठणकायला लागला तर युरिक अ‍ॅसिडचा विचार करावा लागतो. चिकनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे धरतात, हे २००६ च्या साथीनंतर विदर्भात घराघरांत पाहिलेलं आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात विसरून चालत नाही. पंचविशी-तिशीच्या माणसाची जांघ दुखते, लंगडायला होतं आणि घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तर तो गुडघ्याचा वात नाही. खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. खुब्याचं दुखणं कित्येकदा गुडघ्यातच जाणवतं. अशा माणसाचा गुडघा चोळत बसण्याऐवजी खुब्याचा एक्स-रे काढा. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो, तेव्हा एमआरआय लागतो.

चरबी नुसता भार नाही

वजनाचा हिशेब सोपा आहे. अंगावरचं एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा दाब सुमारे चार किलोने कमी होतो. ७० किलोच्या बाईने ७ किलो उतरवले तर पावलागणिक २८ किलो.

पण भाराचा हिशेब अर्धाच आहे. जाड माणसांच्या हाताच्या बोटांचे सांधेही जास्त झिजतात, आणि हातावर तर कोणी चालत नाही. कारण असं की पोटाची चरबी स्वतःच दाहाची रसायनं रक्तात सोडते आणि ती सगळ्या सांध्यांपर्यंत पोचतात. अमेरिकेत ४५४ लोकांवर दीड वर्ष चाललेली एक चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं वजन सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास उतरलं, दुखणं जवळजवळ निम्म्यावर आलं आणि रक्तातलं इंटरल्युकिन-६ हे दाहाचं रसायनही घटलं.

वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड इंजेक्शनची गुडघेदुखीवरची चाचणी २०२४ मध्ये आली. ४०७ लोक, आठवड्याला २.४ मिलिग्रॅम, ६८ आठवडे. शंभर गुणांच्या मोजपट्टीवर दुखणं औषध घेणाऱ्यांत सुमारे ४२ गुणांनी उतरलं, औषध नसलेली नकली सुई घेणाऱ्यांत साडेसत्तावीसने. निकाल खरोखर मोठा आहे. पण त्या लोकांचा सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) ४० होता, म्हणजे पाच फूट उंचीच्या बाईचं वजन ९३ किलो. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास होतात, चरबीसोबत स्नायूही घटतात, आणि औषध सोडलं की वजन बहुधा परत चढतं. ज्यांचं वजन खरोखर खूप आहे, सोबत साखर (मधुमेह) आहे, त्यांनी डॉक्टरांशी जरूर बोलावं. मजुरीला जाणाऱ्या पन्नास किलोच्या बाईसाठी हे औषध नाही.

आपल्याला जवळची वाटावी अशी बातमी मेटफॉर्मिनची आहे. साखरेची ही जुनी, स्वस्त गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते. ऑस्ट्रेलियात गुडघेदुखी आणि जास्त वजन असलेल्या १०७ जणांपैकी साधारण निम्म्यांना ती सहा महिने, रोज २००० मिलिग्रॅमपर्यंत दिली, बाकीच्यांना औषध नसलेली नकली गोळी. शंभरच्या मोजपट्टीवर मेटफॉर्मिनवाल्यांचं दुखणं ३१ ने उतरलं, दुसऱ्या गटाचं १९ ने. हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणी लहान आहे, म्हणून साखर नसलेल्याने नुसत्या गुडघ्यासाठी ती स्वतःहून सुरू करू नये. मूत्रपिंड कमजोर असेल तर ती धोक्याची ठरते. पण साखर आहे, वजन आहे आणि गुडघाही दुखतो, अशा माणसाने मेटफॉर्मिन "गरम पडते" म्हणून अर्ध्यात सोडू नये.

घरात काय करायचं? चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागत असेल तर ते अडीचवर आणा. माणशी रोज २० ग्रॅम तेल कमी झालं की १८० कॅलरी वाचतात. दिवसात पाच कप गोड चहा होत असेल तर त्यातल्या साखरेच्या साधारण २०० कॅलरी. एवढ्या दोन गोष्टी पाळल्या तरी महिन्याला एक-सव्वा किलो उतरू शकतं. उपास करून वजन उतरवू नका, त्यात स्नायू जातात.

आता महत्त्वाची गोष्ट. गुडघे दुखणाऱ्या प्रत्येकीला "वजन कमी करा" सांगायची सवय लागली आहे. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या, रोवणीला जाणाऱ्या कितीतरी बायकांचं वजन चाळीस-पंचेचाळीस किलो असतं. त्यांनी काय कमी करायचं? त्यांच्या मांडीत स्नायूच उरलेला नसतो, धक्का झेलायला काही नसतं, सगळा भार थेट सांध्यावर येतो. त्यांना वजन उतरवायला सांगणं हा अन्याय आहे. त्यांनी प्रथिनं वाढवायची. ४५ किलोच्या बाईला रोज ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. मूठभर तुरीच्या डाळीच्या वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा, पन्नास ग्रॅम फुटाण्यांतून दहा, बाकी भाकरी-पोळीतून. सोयाबीन तर इथल्या शिवाराशिवारात पिकतं आणि सगळं बाजार समितीत जातं. नऊ किलो ज्वारी किंवा गव्हात एक किलो भाजलेलं सोयाबीन टाकून दळून आणलं तर भाकरीची चव फारशी बदलत नाही. कच्चं दळू नका, भाजल्याशिवाय ते पचत नाही.

मांडी घट्ट करणं, हेही औषध

"सांधा झिजलाय, मग हलवायचा कशाला?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. हालचालीनेच अस्तरातून वंगण फिरतं, कूर्चेला रक्तवाहिन्या नसल्याने तिचं पोषण त्या वंगणातूनच होतं. व्यायामानंतर गुडघ्याच्या आत इंटरल्युकिन-१० हे आग शमवणारं रसायन वाढतं, हे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी गुडघ्यात बारीक नळी घालून मोजलं आहे. शेतातलं काम म्हणजे व्यायाम, असं मात्र नाही. कामात तोच सांधा त्याच कोनात तासन्‌तास दाबला जातो आणि मांडीचा पुढचा स्नायू पूर्ण ताकदीने कधी वापरलाच जात नाही.

पहिला आठवडा एवढंच करा. पाय लांब, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. गुडघा खाली दाबत मांडी आवळा, पाच आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पाणी भरलेल्या, गरम गुडघ्यालाही हे चालतं.

दुसऱ्या आठवड्यापासून पाय उचला. उताणं झोपा, एक गुडघा वाकवून पाऊल टेकवा, दुसरा पाय सरळ ठेवून आधी मांडी आवळा आणि मग वीतभर ते फूटभर वर उचला. पाच आकडे मोजा, हळू खाली ठेवा. दहादा. इथे दोन चुका ठरलेल्या: गुडघा वाकवून पाय उचलणं, म्हणजे काम मांडीऐवजी जांघ करते, आणि श्वास रोखणं, ज्याने बीपी चढतं. आकडे मोठ्याने मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. जमायला लागलं की जुन्या पायजम्याच्या पायात अर्धा किलो रेती शिवून ती घोट्यावर बांधा, मग एक किलो.

तिसरा व्यायाम सगळ्यात कामाचा: हात न टेकता खुर्चीवरून उठणं आणि बसणं. बाजेवर करू नका, ती झोल देते आणि गुडघा जास्त वाकतो. साधी प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पावलं खांद्याएवढी लांब, गुडघे आत पडू द्यायचे नाहीत. उठताना दोन आकडे, बसताना चार. धप्पकन बसलं तर अर्धा फायदा गेला. सुरुवातीला पाच-पाचच्या दोन फेऱ्या, मग दहा-दहाच्या तीन. आठवड्यात तीन दिवस, एक दिवस आड.

दुखेल का? थोडं दुखेल. नियम असा: सोसवेल एवढं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं तर पुढे जा. सकाळी खळगा भरलेला दिसला तर आकडे निम्मे करा, बंद करू नका. बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सोडतात, कारण तोवर फरक पडत नाही. स्नायू भरायला सहा ते बारा आठवडे लागतात. पराटी काल पेरली आणि आज बोंडं शोधली, असं होत नाही.

कामातही बदल हवा. निंदताना उकिडवं बसण्याऐवजी वीतभर उंचीचा पाट किंवा छोटा स्टूल सोबत सरकवा. अर्धा तास बसून झालं की एक तास उभ्याचं काम घ्या. धानाच्या बांधीत चिखलातून पाय उपसताना पिळू नका, आधी सरळ वर काढा आणि मग वळा. संडासासाठी भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची मिळते, ती लाजेची वस्तू नाही. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. तिची मूठ, हात खाली सोडल्यावर मनगटाच्या घडीला यावी.

जेल, गोळी, सुई

आग थेट विझवणारं आणि अंगाला कमीत कमी बाधणारं औषध म्हणजे डायक्लोफेनॅकचं जेल. गुडघेदुखीसाठी औषधांमध्ये आधी हेच वापरा, असं ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनीही २०१९ मध्ये त्याची ठाम शिफारस केली आहे. जेलमधून रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानाने फार कमी, सहा टक्क्यांच्या आसपास असतं.

तरीही "जेलने काही होत नाही" असं ऐकू येतं, कारण ते हरभऱ्याएवढं लावलं जातं. एका गुडघ्याला एका वेळी दोन ते चार ग्रॅम लागतं. दोन ग्रॅम म्हणजे तर्जनीच्या दोन पेरांपेक्षा थोडी लांब पट्टी. ती वाटीभोवती चारही बाजूंना आणि वाटीच्या वर हलक्या हाताने पसरवायची, दिवसातून तीन-चार वेळा, निदान दोन आठवडे. हिशेब करा: दोन ग्रॅम तीनदा, तर तीस ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला पाच दिवस पुरते. महिनाभर एकच ट्यूब चालली असेल तर औषध लागलेलंच नाही. पैशाचा प्रश्न खरा आहे, म्हणून जन औषधी केंद्रात आधी विचारा. लावल्यावर शेकू नका, पट्टी गुंडाळू नका, हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. खुब्याला जेलचा उपयोग नाही, सांधा फार खोल आहे.

मिरचीतल्या कॅप्सायसिनचं मलमही मिळतं, त्यानेही काहींना बरं वाटतं. म्हणून कोणी भिवापुरी मिरची वाटून लावू नये; मलमात तिचा अंश ०.०२५ टक्के असतो, वाटलेल्या मिरचीने कातडी पोळते. बिब्ब्याचं तसंच. बिब्ब्याचं तेल लावून फोड आलेले, पाझरणारे गुडघे अजूनही दवाखान्यात येतात आणि त्या जखमेतून जंतू शिरतात. रुईचं पान गरम करून बांधलं तर शेक मिळतो, पण चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. साखरेमुळे पाय बधिर असलेल्याने कुठलाही शेक आधी हातावर तपासावा.

गोळ्यांबद्दल विदर्भात एक गोष्ट वेगळी सांगावी लागते, ती म्हणजे उन्हाळा. अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या आग कमी करतात, पण मूत्रपिंडात जाणारं रक्तही कमी करतात. पंचेचाळीस अंशांत दिवसभर घाम गाळलेल्या माणसाचं मूत्रपिंड आधीच कोरडं पडलेलं असतं. त्यात बीपीची टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर या तिघींनी मिळून मूत्रपिंड काही दिवसांत बंद पडू शकतं. लू लागली, जुलाब-उलट्या झाल्या, की दुखण्याची गोळी त्याच दिवशी थांबवा. लघवी कमी होणं, पाय सुजणं, काळी डांबरासारखी शौच होणं, यापैकी काहीही दिसलं तर थेट दवाखाना. घ्यायचीच झाली तर जेवणानंतर, कमीत कमी मात्रेत, थोडे दिवस, आणि साठीच्या पुढच्या माणसाला पोट सांभाळणारी गोळी सोबत. दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्यांत एकच औषध असतं, हे पट्टी उलटून वाचल्याशिवाय कळत नाही. अ‍ॅसिक्लोफेनॅकसोबत "सूज उतरवणारी" म्हणून सेरॅशिओपेप्टिडेज घातलेली गोळी मिळते; त्या जादाच्या औषधाचा गुडघ्याला फायदा होतो याचा भक्कम पुरावा नाही.

स्टेरॉइडची सुई पाणी भरलेल्या गुडघ्याला काही आठवडे चांगला आराम देते. लग्नाचं घर किंवा ऐन वेचणी, अशा वेळी ती घेण्यात गैर नाही. वारंवार मात्र नको. १४० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं दर बारा आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड दिलं आणि निम्म्यांना मिठाचं पाणी, तेव्हा दुखण्यात फरक पडला नाही आणि स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली, हे २०१७ मध्ये दिसलं. साखर असेल तर सुईनंतर काही दिवस ती चढते. "वंगण भरायची" महागडी सुई आणि स्वतःच्या रक्तातून काढलेलं पीआरपी, दोन्हींची जाहिरात जोरात आहे. वंगणाच्या सुईचा फायदा मोठ्या अभ्यासांत अगदी किरकोळ निघाला. पीआरपीची तुलना ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर नुसत्या मिठाच्या पाण्याशी केली, निकाल २०२१ मध्ये आला: वर्षभरानंतर दुखण्यात आणि कूर्चेत लक्षणीय फरक नाही. दागिने गहाण ठेवून हे करू नका.

आगीवर थेट घाव घालणारी मोठी औषधं कुठे आहेत? आमवातात जादूसारखं काम करणारी टीएनएफविरोधी सुई हातांच्या झिजलेल्या सांध्यांवर फसली. मज्जातंतू चेतवणाऱ्या रसायनाला अडवणारं टॅनेझुमॅब दुखणं खरंच उतरवत होतं, पण काहींचे सांधे झपाट्याने कोसळले. २०२१ मध्ये कंपनीने ते थांबवलं. यातून डॉक्टर एक धडा शिकले: दुखणं पूर्ण बधिर करणं आणि आग विझवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीकडे, हृदयविकाराच्या ५,५२२ रुग्णांपैकी निम्म्यांना कोल्चिसिन हे दाहविरोधी औषध ०.५ मिलिग्रॅम रोज देत होते, त्यांत गुडघा किंवा खुबा बदलायची वेळ २.५ टक्क्यांवर आली, औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांत ३.५ टक्क्यांवर. मात्र हातांच्या सांध्यांवर तेच औषध तीन महिने देऊन पाहिलं तर दुखणं कमी झालं नाही. आमवातावरचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा २० मिलिग्रॅम दिल्यावर सुजलेल्या हातांना थोडा आराम मिळाला, २०२३ ची गोष्ट. ज्यांच्या सांध्यात सूज दिसते त्यांनाच दाहविरोधी औषधाचा फायदा, असा धागा यातून हाती येतो आहे. गुडघ्याच्या अस्तरातल्या नव्या रक्तवाहिन्या बारीक कणांनी बंद करायची पद्धत जपानच्या युजी ओकुनो यांनी पुढे आणली. पण नकली प्रक्रियेशी तुलना केली तेव्हा निकाल एकसारखे आले नाहीत, म्हणून घाई नको.

हळदीचं काय? चमचाभर हळदीत शंभरेक मिलिग्रॅम कर्क्युमिन असतं, चाचण्यांत रोज दीड हजारापर्यंत दिलं गेलं. म्हणजे भाजीतल्या हळदीने ते साधत नाही. कर्क्युमिनच्या गोळ्यांनी काहींना आराम पडतो, पण जास्त शोषल्या जाणाऱ्या गोळ्यांनी काविळीसारखे त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. जवसाची चटणी आनंदाने खा. तिच्यातला ओमेगा-३ शरीरात माशातल्यासारख्या ओमेगा-३ मध्ये फारच थोडा बदलतो, तेव्हा तिच्यावर गुडघा सोपवू नका.

बाजारात आठवड्याला येणारी बिनलेबलची पुडी मात्र खरी घातक. "दोन दिवसांत गुडघा मोकळा" झाला तर तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. भूक वाढते, चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, खुब्याचा गोळा सडतो. महिनोन्‌महिने घेत असाल तर एकाएकी बंदही करू नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड करणं सोडलेलं असतं, एकदम थांबवलं तर बीपी पडून जीव जाऊ शकतो. पुडी सोबत घेऊन सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत जा. ते मात्रा हळूहळू उतरवून देतात.

फरक पडतोय की नाही हे अंदाजाने ठरवू नका. भिंतीला टेकवलेली तीच खुर्ची, हात छातीवर, नातवाच्या मोबाइलवर तीस सेकंद लावा आणि तेवढ्यात किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं ते मोजा. आकडा दिनदर्शिकेवर लिहा, शेजारी काल दुखणं दहापैकी किती होतं तेही. दर पंधरा दिवसांनी मोजा. तीन महिने व्यायाम, पुरेसं जेल, जमेल तसं वजन किंवा प्रथिनं, एवढं करूनही आकडा हलला नाही, रात्री झोपेतून जाग येत असेल, गुडघा बाकदार झाला असेल, तर दिनदर्शिकेची ती पानं, जुने एक्स-रे आणि खाल्लेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, नागपूरच्या मेडिकल कॉलेजमध्ये किंवा आपल्या जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभागात दाखवा. सांधा बदलायचा ठरला तर सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते आधी तिथल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाकडून, लेखी घ्या. रेशन कार्ड आणि आधार घरून निघतानाच पिशवीत टाका, आणि मांडीचा व्यायाम ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत चालू ठेवा.